घटस्फोटित नायिकेची ख्रिस्ती प्रेमकथा कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईतील एका कॅथलिक कुटुंबातली शिक्षिका. नवरा नोकरीसाठी परदेशी गेला तो परतलाच नाही. न्यायालयातून रीतसर घटस्फोट झाला. पदरी आठ वर्षांची मुलगी आहे. तिच्या आयुष्यात पुन्हा प्रेम येते, आणि त्या प्रेमाची कादंबरी लिहायची आहे. ती प्रेमकथा म्हणून गुंतवणारी असावी आणि ख्रिस्ती श्रद्धेशी प्रामाणिकही राहावी, यासाठी लेखिकेने काय सांभाळावे? मराठी ख्रिस्ती नियतकालिकांसाठी आणि पुस्तकांसाठी आलेली हस्तलिखिते मी बरीच वर्षे संपादित करत आलो आहे, आणि या विषयावरच्या बहुतेक लेखनात एकच पोकळी मला दिसते. दोघांचे प्रेम कसे जुळते यावर लेखकाची सारी शक्ती खर्च होते आणि ती पुन्हा लग्न करायला मोकळी आहे का, हा प्रश्न शेवटून दुसऱ्या प्रकरणात एखाद्या दयाळू फादरांच्या दोन वाक्यांनी निकालात निघतो. ख्रिस्ती वाचकाची खरी उत्कंठा मात्र त्याच प्रश्नात गुंतलेली असते. आपल्या कादंबरीचा कणा तिथे आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

ही पोकळी का राहते, याला इतिहासही कारणीभूत आहे. दुसऱ्या लग्नाची ख्रिस्ती कथा आपल्या भाषेला मुळीच नवी नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, ते विधवांच्या दुःखाचे चित्र मांडण्यासाठीच, आणि त्यातली यमुनाही वैधव्यानंतर पुन्हा संसार मांडते. सव्वाशे वर्षांनंतर उत्तर अमेरिकेत ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांची जी लाट आली, तिची सुरुवात जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या कादंबरीपासून मानतात. तिथेही नायिका नुकतीच विधवा झालेली आणि नायक विधुर आहे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या या दोन परंपरांनी सारखीच वाट धरली, कारण वैधव्यात मोकळीक निर्विवाद असते. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्पष्ट सांगतो की पती मरण पावल्यावर स्त्री त्या बंधनातून सुटते, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (७:३९) तिला पुन्हा लग्न करण्याची मुभा देतो, केवळ ते प्रभूमध्ये असावे एवढीच अट घालून. घटस्फोटितेचा पहिला नवरा जिवंत असतो. तो सणाला गावी येतो, त्याची आई रविवारी पुढच्या बाकावर बसते, त्याचे आडनाव मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर असते. विधवेच्या प्रेमकथेचा साचा घेऊन त्यात फक्त ‘मृत्यू’च्या जागी ‘घटस्फोट’ घातला, तर कथा पहिल्या पन्नास पानांतच खोटी वाटू लागते.

म्हणून पहिला निर्णय हा घ्या की नायिका कोणत्या चर्चची आहे. ‘ख्रिस्ती’ एवढे म्हणणे कादंबरीला पुरत नाही. अहिल्यानगर किंवा पुण्याच्या प्रोटेस्टंट मंडळीतली स्त्री आणि वसईच्या कॅथलिक धर्मग्रामातली (पॅरिशमधली) स्त्री यांच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात, त्यांना उत्तर देणारी माणसे वेगळी असतात आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा असतो. आपण वसई निवडली आहे, तेव्हा कॅथलिक बाजूवर मी अधिक विस्ताराने लिहितो.

कॅथलिक चर्चच्या दृष्टीने दोन बाप्तिस्माप्राप्त व्यक्तींमधला वैध आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह कोणतेही न्यायालय मोडू शकत नाही. धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाचे, न्यायासन घटस्फोट देत नाही. ते चौकशी करून एवढेच ठरवते की त्या दिवशी वेदीपुढे जे घडले तो चर्चच्या अर्थाने विवाह होता की नव्हता. यालाच आपल्याकडे सर्रास ॲनलमेंट म्हणतात. इथे बहुतेक कथालेखक घसरतात. नवरा पुढे दारू पिऊ लागला, बाहेर संबंध ठेवले, सोडून गेला, म्हणून चर्चने विवाह रद्द केला, असे हस्तलिखितांत हमखास वाचायला मिळते. लग्नानंतरचे वागणे हे स्वतः कारण ठरत नाही. दोष संमती देण्याच्या क्षणी असावा लागतो. जबरदस्ती किंवा भीती, फसवणूक, निष्ठेचा किंवा अपत्याचा मनातून आधीच केलेला नकार, लग्नाची जबाबदारी समजण्याची अथवा पेलण्याची गंभीर असमर्थता, अशी ही कारणे आहेत. नंतरचे वागणे त्या मूळ दोषाचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते, एवढेच.

लेखिकेसाठी ही अडचण मोठी देणगी आहे. आपल्या नायिकेला मागे वळून त्या लग्नाच्या दिवसाकडे पाहावे लागेल. त्या मुलाला घरच्यांनी रेटून बोहल्यावर चढवले होते का? आपण या मुलीबरोबर राहणार नाही, असे त्याने आदल्या आठवड्यात कुणाला सांगितले होते का? सांगितले असेल, तर ते ऐकणारी व्यक्ती साक्षीदार ठरते. ती व्यक्ती नायिकेची नणंद असेल, तर सख्ख्या भावाविरुद्ध खरे बोलण्याची वेळ तिच्यावर येईल. घटस्फोटावरच्या ज्या कथा मी वाचल्या, त्यांत नणंद एकतर कजाग असते किंवा गैरहजर असते. साक्षीच्या खोलीत शपथ घेऊन बसलेली, आई घरी वाट पाहते आहे हे ठाऊक असलेली नणंद हे केवढे मोठे पात्र आहे, याचा विचार करा.

या प्रक्रियेतला सर्वांत वेदनादायक भाग भावनिक आहे. मोकळे होण्यासाठी नायिकेला स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते की तिने ज्याला लग्न समजले ते मुळात लग्न नव्हते. मग पहिल्या दोन वर्षांत तिने जे प्रेम केले ते काय होते? मुलगी कोण? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे : निदान एका पक्षाने सद्भावनेने केलेल्या अशा विवाहातील मुले औरस मानली जातात, विवाह पुढे शून्य ठरला तरीही. पण कायद्याचे हे कलम आठ वर्षांच्या मुलीला कसे सांगायचे, हा कादंबरीचा प्रश्न आहे, आणि तिथे घाई करू नये. न्यायासनापुढे विवाहबंधनाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारीही असतो; विवाह वैध होता असे मानायला जी काही वाजवी कारणे असतील ती मांडणे हे त्याचे काम. त्याला खलनायक करू नका. तो नायिकेच्या लग्नाचा शेवटचा वकील आहे. तिने एके काळी जे मनापासून मानले तेच तो बोलत असतो, आणि ते ऐकताना तिचा जो गोंधळ उडेल तो कुठल्याही भांडणापेक्षा खोल जाईल.

काळाचे भान ठेवा. पूर्वी विवाह शून्य ठरवायला दोन न्यायासनांचे एकसारखे निर्णय लागत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली केलेल्या सुधारणा त्या वर्षीच्या ८ डिसेंबरपासून लागू झाल्या. तेव्हापासून पहिल्या होकारार्थी निर्णयावर कुणी अपील न केल्यास तो पुरेसा होतो. पुरावा उघड असेल आणि दोन्ही पक्षांची संमती असेल तर बिशपांपुढे जलद कार्यवाहीचीही सोय झाली. नायिकेचा पहिला नवरा पत्रांना उत्तरच देत नसेल, तर ती जलद वाट बंद होते. एखाद्या माणसाचे नुसते गप्प राहणे दुसऱ्याच्या आयुष्यावर किती वजन टाकते, हे दाखवायला याहून चांगली जागा नाही.

यासोबत दिवाणी कायदा वेगळा चालतो, आणि इथे चूक झाली तर कायदा जाणणारा वाचक पुस्तक मिटेल. ख्रिस्ती घटस्फोट १८६९ च्या कायद्यानुसार होतो. त्या कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ही विषमता मोडून काढली, आणि २००१ च्या दुरुस्तीने संपूर्ण देशासाठी कारणे स्त्री-पुरुषांना सारखी केली. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूदही तेव्हाच आली. नायिकेची आई किंवा मावशी १९८० च्या दशकात नवऱ्याने टाकलेली दाखवलीत, तर तिने घटस्फोट का घेतला नाही याचे उत्तर तुम्हाला तिच्या भित्रेपणात शोधावे लागणार नाही. ते कायद्याच्या पुस्तकातच आहे. चर्चच्या न्यायासनाचा निर्णय देशाच्या कायद्यात घटस्फोटासारखा धरावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. त्यामुळे नायिकेला दोन्ही कागद लागतात. न्यायालयाचा हुकूमनामा असून चर्चचा निर्णय नसेल तर चर्चमध्ये लग्न लागणार नाही. चर्चचा निर्णय असून न्यायालयाचा हुकूमनामा नसेल तर दुसरे लग्न कायद्याने गुन्हा ठरू शकते.

आणखी एक गैरसमज कथेतून पसरू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या कॅथलिक व्यक्तीचा दिवाणी घटस्फोट झाला आहे पण जिने पुन्हा लग्न केलेले नाही, तिला केवळ त्या घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) नाकारला जात नाही. तरीही सोडून दिलेल्या किती तरी स्त्रिया मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तो घेण्याच्या रांगेत उभ्या राहायचे स्वतःच बंद करतात, कारण शेजारच्या बाकावरच्या नजरा त्यांना कायद्याच्या कलमांपेक्षा अधिक ठामपणे काही सांगत असतात. तुमची नायिका पहिल्या प्रकरणात अशी बाकावरच बसून राहणारी असेल, तर ती पुन्हा उठून रांगेत जाते तो प्रसंग तिच्या प्रेमापासून स्वतंत्र ठेवा. नायक भेटण्याच्या आधी तो घडू द्या. देवाशी तिचे नाते एखाद्या पुरुषामुळे सुधारले, असे वाचकाला वाटले तर कादंबरीचा ख्रिस्ती पाया तिथेच खचतो.

प्रोटेस्टंट पार्श्वभूमी घेतलीत तर वाद न्यायासनापुढे न होता बायबल उघडून पाळकांच्या बैठकीच्या खोलीत होतो. मत्तय १९:९ मध्ये व्यभिचाराचा अपवाद आहे, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:१५) विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेल्यास मागे राहिलेली व्यक्ती बांधलेली नाही असे म्हटले आहे. मारहाणीचा उल्लेख दोन्ही ठिकाणी नाही. सतत मारहाण करणाऱ्याने आपली पत्नी आधीच टाकली आहे, असा अर्थ काही पाळक लावतात, तर काहींना तो पटत नाही. हा मतभेद एकाच मंडळीतल्या दोन प्रामाणिक माणसांमध्ये दाखवता येईल.

वचने कोण उच्चारते याकडे बारीक लक्ष द्या. देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे, हे मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातले वचन आपल्या समाजात प्रामुख्याने स्त्रियांना ऐकवले जाते. तो उतारा आधीपासून वाचला, तर संदेष्टा तारुण्यातल्या पत्नीशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषांना खडसावतो आहे हे कुणालाही दिसेल. नायिकेने हे स्वतः एका रात्री वाचताना शोधावे. लेखकाने तळटीपेसारखे सांगू नये. होशेयाचे उदाहरणही असेच जपून वापरा. पुन्हा पुन्हा दूर जाणाऱ्या पत्नीला परत आणणारा संदेष्टा देवाच्या प्रेमाचे रूपक आहे. मार खाणाऱ्या स्त्रीने त्याच घरी परत जावे असा तो आदेश नाही. क्षमा करणे आणि पुन्हा एकत्र राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एका बाजूने करता येते. एकत्र राहण्यासाठी दुसऱ्याचा पश्चात्ताप आणि स्वतःची सुरक्षितता दोन्ही लागतात. आपल्या भक्तिपर कथांनी या दोहोंची सरमिसळ करून फार नुकसान केले आहे, आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटते.

आता नायकाविषयी. पहिल्या नवऱ्यात जे जे वाईट होते त्याच्या नेमके उलटे गुण असलेला माणूस उभा करण्याचा मोह आवरा, कारण तसा नायक म्हणजे देवाने दुःखाबद्दल दिलेले बक्षीस वाटू लागतो, आणि ज्यांना असे बक्षीस मिळाले नाही त्या वाचक स्त्रियांना तो नकळत दुखावतो. नायकाला स्वतःचे काही पणाला लावावे लागू द्या. तो चाळिशीतला अविवाहित असेल, एकत्र कुटुंबाची वाडी सांभाळत असेल, त्याच्या आईची सारी हरकत घटस्फोट या एका शब्दापाशी अडली असेल, तर त्याचा वाट पाहण्याचा काळ अर्थपूर्ण होतो. चर्चचा निर्णय येईपर्यंत तो किती थांबेल, हे त्यालाही ठाऊक नसावे. ‘देवाने मला सांगितले की तू माझी आहेस’ असे त्याच्या तोंडी घालू नका. असे वाक्य प्रार्थनासभांतून ऐकू येते खरे, पण ज्या स्त्रीला एकदा दुसऱ्यांच्या निर्णयाने लग्नात ढकलले गेले, तिच्यासाठी ते पुन्हा तेच ढकलणे आहे. तिला नकार देता येईल अशी जागा तो ठेवतो, यातून त्याची भक्ती अधिक दिसेल.

शरीराच्या ओढीबद्दल संकोच करू नका आणि तिचा बाजारही मांडू नका. गीतरत्न बायबलमध्येच आहे. पस्तिशीतल्या, आई झालेल्या, अनेक वर्षे कुणी हातही हातात न घेतलेल्या स्त्रीला आपण पुन्हा कुणाला हव्याशा वाटतो आहोत हे कळते, तेव्हा तिला आनंदाबरोबर भीतीही वाटते. दोघांनी संयम पाळायचे ठरवले असेल तर तो संयम कष्टाचा वाटला पाहिजे. नियम आहे म्हणून आपोआप पाळला गेला असे वाटता कामा नये.

पहिल्या नवऱ्याला निदान एक प्रकरण त्याच्या बाजूने द्या. त्याला राक्षस करणे सोपे आहे, पण मग नायिकेने त्याच्याशी लग्न का केले हे समजत नाही, आणि न्यायासनापुढच्या साक्षींना काही अर्थ उरत नाही. मुलीला तो आठवतो कसा, हेही लिहा. सावत्र वडिलांशी तिचे नाते एका सहलीत जुळवून टाकू नका. मुलगी त्यांना शेवटच्या पानापर्यंत काकाच म्हणत राहिली तरी चालेल.

भाषेबद्दल थोडेच सांगतो. धर्मग्रामातले लोक मिस्सा, नोवेना, फादर, सिस्टर असेच बोलतात. त्यांच्या तोंडी पुस्तकी पर्याय घालू नका. सामवेदी किंवा वाडवळी बोली आपल्या घरची असेल तर म्हाताऱ्या पात्रांना मनमोकळी बोलू द्या. नसेल तर दोनचार शब्द शोभेसाठी पेरू नका, वसईचा वाचक ते लगेच ओळखतो.

शेवट कसा असावा, हे न्यायासनाच्या निर्णयावर अवलंबून आहे, आणि तो निर्णय होकारार्थीच असायला हवा असे कुठे लिहिलेले नाही. होकार आला तर लग्नाआधी चर्चमध्ये होणारी घोषणा हा तुमचा सर्वांत मोठा प्रसंग आहे : दोघांची नावे वेदीवरून वाचली जातात, या लग्नाला कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर कळवावे असे सांगितले जाते, आणि जिच्याविषयी गावाने इतकी वर्षे कुजबुज केली तिचे नाव सगळे गाव एकदम उघडपणे ऐकते. नकार आला तर कादंबरी अधिक अवघड आणि बहुधा अधिक खरी होईल. दोघे दूर होतात का? नोंदणी पद्धतीने लग्न करून ख्रिस्तप्रसादापासून दूर राहण्याचे दुःख पत्करतात का? पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्राच्या आठव्या अध्यायात अशा जोडप्यांना सोबत घेऊन चालण्याविषयी, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी समजून घेण्याविषयी लिहिले, आणि त्याचा अर्थ कसा लावायचा यावर बिशपांमध्येच मतभेद झाले. तुमच्या कादंबरीतले फादर या वादाच्या मधोमध उभे असतील. त्यांना तयार उत्तर माहीत नसले तरी चालेल. त्यांनी नायिकेला भेटायचे थांबवू नये, एवढे मात्र पाहा.

पहिला खर्डा झाला की तो तिघांना वाचायला द्या : चर्चचा कायदा शिकलेल्या एखाद्या धर्मगुरूंना, कौटुंबिक न्यायालयात ख्रिस्ती प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला, आणि या सगळ्यातून स्वतः गेलेल्या एका स्त्रीला. तिघांच्या सूचनांत विरोध आला, तर तपशिलांच्या बाबतीत पहिल्या दोघांचे ऐका. नायिका एखाद्या क्षणी काय बोलेल आणि काय बोलणार नाही, याबाबत मात्र तिसरीचे ऐका. आणि तिच्या आयुष्यातले काही उचलले असेल तर गाव, व्यवसाय आणि मुलांची संख्या बदलून मगच हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवा.